गिरणी सुरू झाली की विमान सुटतं

रोह्यात आमच्या आळीतून दर रविवारी सकाळी अमेरिकेला विमान सुटतं. ते सुटतं म्हात्रेकाकांच्या पडवीतून. समोरच्या रफीकभाईंची पिठाची गिरणी सुरू झाली की ते पळायला लागतं, आणि गिरणीचा आवाज चढला की उडतं. विमानात दोनच सीटा आहेत आणि दोन्ही बिझनेस क्लासच्या. कॅप्टन मी आहे.

तुम्हाला हसू आलं असेल तर हसून घ्या. एरवी मी शाळेत मास्तर आहे, भूगोल शिकवतो, आणि रविवारी सकाळी माणसानं पेपर वाचत लोळावं या मताचा आहे. पण म्हात्रेकाका शेजारी असले की माणसाच्या मताला विचारतो कोण.

काकांची सारी नोकरी धाटावला गेली, एका केमिकल कंपनीच्या सेफ्टी खात्यात. तिथे अधूनमधून मॉक ड्रिल व्हायची. म्हणजे काहीही झालेलं नसताना भोंगा वाजवायचा, गॅस सुटला असं सगळ्यांनी धरून चालायचं, वाऱ्याची दिशा बघून पळायचं आणि ठरलेल्या झाडाखाली जमून एकमेकांना मोजायचं. काकांनी ही ड्रिल इतकी वर्षं घेतली की पुढे पुढे त्यांचा खऱ्या गोष्टींवरचा भरवसाच उडाला. जे आधी खोटं करून बघितलं नाही ते खरं करायला जाऊ नये, हे त्यांचं ब्रीद. आळीत कोणी काही ठरवलं, मुलगी बघायला जायचं असो नाहीतर दाढ काढायची असो, काकांचा सवाल एकच. "ड्रिल झाली?"

रिटायर झाल्यावर कंपनी सुटली, ड्रिल सुटली नाही. गच्चीवर वाऱ्याची दिशा दाखवायला बांबूला बांधलेला जुन्या लेंग्याचा एक पाय अजून फडफडतो. आळीच्या तोंडाशी कडुनिंबावर हिरव्या रंगात 'जमण्याची जागा' असं काकांच्या अक्षरात लिहिलेलं आहे. एकदा भर थंडीत त्यांनी पुराची ड्रिल घेतली. कुंडलिका नदीला तेव्हा इतकं पाणी होतं की म्हशी बसल्या तरी त्यांची पाठ कोरडी राहील. तरी सगळी आळी बोचकी घेऊन झाडाखाली जमली. रफीकभाईंच्या अम्मीनं तर कोंबड्याही आणल्या होत्या. पुढच्या पावसाळ्यात खरोखरच पाणी आळीत शिरलं तेव्हा मात्र ज्याला जी गच्ची दिसली तिच्यावर तो चढला, आणि कडुनिंबाखाली छत्री घेऊन एकटे काका उभे, शिट्टी वाजवत.

त्यांच्या एकुलत्या एक लेकीच्या, मनूच्या, लग्नातली गोष्ट तर आळीत अजून सांगतात. लग्नाच्या आदल्या दिवशी काकांनी पाठवणीची ड्रिल घेतली. मनूला जुन्या साडीत गाडीत बसवलं, गाडी कोपऱ्यापर्यंत नेऊन परत आणली. उद्या लोकांसमोर रडायला नको, सराव असलेला बरा, असं त्यांचं म्हणणं. गाडी कोपऱ्यावर वळली आणि काका जे रडायला लागले ते मनू परत येऊन समोर उभी राहिली तरी थांबेनात. दुसऱ्या दिवशी खऱ्या पाठवणीला सगळा मांडव डोळे पुसत होता आणि काका कोरड्या डोळ्यांनी गाडीच्या टायरमधली हवा तपासत होते.

ती मनू पुढे नवऱ्याबरोबर शिकागोला गेली. तिकडेच तिला मुलगी झाली. तिच्या तिथे राहायच्या कागदपत्रांचं काही अडकलं होतं. देश सोडला तर परत आत घेतील याची खात्री नव्हती, म्हणून इकडे यायची सोय नाही. शेवटी तिनं आईवडिलांनाच बोलावलं, आणि साधं नाही, बिझनेस क्लासचं तिकीट काढलं. त्यात म्हणे खुर्चीचा पलंग होतो आणि माणूस आडवा झोपून अमेरिकेला जातो.

काका-काकी आयुष्यात विमानात बसले नव्हते. तिकीट आल्याच्या दुसऱ्या दिवशी काका माझ्याकडे आले. तोंडावर चिंता.

"मास्तर," म्हणाले, "मला विमानाची लय भीती वाटते. ड्रिल घ्यावी लागंल."

आता ड्रिल घ्यायची तर विमान आतून कसं असतं हे कोणाला तरी माहीत हवं. आळीत त्यातले जाणते एकटे रफीकभाई. त्यांनी मस्कतला उमर काढली आणि परत येऊन गिरणी टाकली. काकांनी त्यांना बिझनेस क्लासबद्दल विचारलं. रफीकभाईंनी दाढीवरून हात फिरवला. म्हणाले, "भाऊ, मी सगळा जनम पाठीमागं बसून गेलो-आलो. पुढं एक पडदा असतो. त्या पडद्यापलीकडं काय हाय ते अल्लाला म्हाईत."

म्हणून आमच्या विमानात सगळ्यात आधी आला तो पडदा. काकींची जुनी अंजिरी साडी पडवीच्या मधोमध दोरीवर टाकली. पडद्याच्या अलीकडे पायरीवर आम्ही, इकॉनॉमीवाले. पलीकडे खुर्च्या. त्या काकांनी कुठून आणल्या असतील? बाजारातलं एक सलून नवीन होत होतं, त्याच्या दोन जुन्या खुर्च्या त्यांनी काही दिवसांसाठी मागून आणल्या. बाजूचा खटका दाबला की खुर्ची मागे आडवी होते. काका पहिल्यांदा त्यात आडवे झाले तेव्हा माझ्या बायकोनं, रेखानं, त्यांना विचारलं, दाढी करायची का नुसते केस. पट्टे कंपनीतले, उंचावर काम करताना बांधतात ते. एकदा बांधला की वीज पडली तरी माणूस खुर्चीतून हलणार नाही.

कामंही वाटून झाली. रेखा हवाईसुंदरी. तिनं गरम पाण्यात पिळलेले नॅपकिन चिमट्यानं द्यायचे, मग चांदीच्या कागदातलं जेवण. जेवणात भाकरी, कोलंबीचं सुकं आणि पेणहून आलेले पोह्याचे पापड. मी खोलीच्या खिडकीमागे उभा राहून रिकाम्या तेलाच्या डब्यात तोंड घालून बोलायचं, म्हणजे आवाज कॅप्टनसारखा घुमतो. आणि रफीकभाईंनी गिरणी चालू करायची. रिकामी गिरणी फिरवली तर दगड खराब होतात, म्हणून रविवारी सकाळचं पहिलं दळण ते खास उड्डाणासाठी राखून ठेवायचे. गिऱ्हाइकांच्या घरातून कितीही निरोप आले तरी माझा आवाज आल्याशिवाय बटण दाबायचे नाहीत.

बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी, असं आळीतले म्हणायचे. म्हणोत. काका पट्टा बांधायचे, खुर्चीचे हात घट्ट धरायचे, डोळे मिटायचे. गिरणीनं सूर धरला की त्यांचे ओठ थरथरायचे. मग शेजारच्या खुर्चीतल्या काकी त्यांच्या हातावर हात ठेवायच्या आणि शांतपणे म्हणायच्या, "भिऊ नका. मी हाय ना."

काकी, म्हणजे हिराकाकी, पेणच्या खाडीकाठच्या. माहेर मिठागरावरचं, उन्हात उभ्या वाढलेल्या. उंच, रुंद हाडाची बाई, आणि आवाज असा की तिनं आळीच्या त्या टोकाला हाक मारली तर या टोकाची माणसं ओ द्यायची. अलीकडे मात्र हाका कमी झाल्या होत्या. आम्हाला वाटलं, वय.

पहिल्या रविवारी उड्डाण तासाभराचं होतं. मग वाढत वाढत जेवणापर्यंत गेलं, मग दुपारच्या झोपेपर्यंत. माझ्या रविवारचं पार भरीत झालं. एक दिवस मी ठरवून काकांना गाठलं. ते नदीवर फिरायला निघाले होते, मीही बरोबर निघालो. म्हटलं, काका, भीती घालवायची एक हद्द असते. एवढे मोठमोठे भोंगे पचवलेला माणूस तुम्ही, तुम्हाला विमानाचं काय एवढं.

काका घाटाच्या पायरीवर बसले.

"मला कसली भीती, मास्तर," म्हणाले. "मी कंपनीच्या टाकीवर चढून झोपलेला माणूस."

मग त्यांनी सांगितलं. मागच्या उन्हाळ्यात दोघं कोलाडला एका लग्नाला निघाले होते, भाड्याच्या गाडीनं. हायवेवर गाडी पळत असताना काकींनी एकदम विचारलं, ही कोणाची गाडी, मला कुठं चालवलंय, आणि दार उघडायला लागल्या. काकांनी त्यांना मिठी मारून धरलं म्हणून वाचल्या. त्यानंतर दवाखान्यातल्या लिफ्टमध्ये तेच. डॉक्टर म्हणाले, विसरायला होणार, वाढत जाणार. अनोळखी जागा दिसली की घाबरणार. मनूनं बिझनेस क्लास काढला तो मिरवायला नव्हे. आईला आडवं होता यावं आणि शेजारी परकं माणूस नसावं म्हणून.

"अजून तिला मनूचं नाव येतं," काका म्हणाले. "तोंड वळखते. पुढल्या वर्षाचं कोन सांगनार. त्याच्या आत दोघींची गाठ घालायची हाय. पण विमान मधी थांबत नाय, मास्तर. दार उघडायला गेली तर मी काय करू?"

मी विचारलं, मग तुम्ही घाबरल्याचं सोंग कशाला करता? तर त्यावर काकांच्या चेहऱ्यावर जुना सेफ्टीवाला आला. म्हणाले, कंपनीत ड्रिलला जो सगळ्यात भित्रा असायचा त्याच्या हातात मी शिट्टी द्यायचो. म्हणायचो, बाकीच्यांना तू बाहेर काढायचं. एकदा दुसऱ्याला सांभाळायचं काम गळ्यात पडलं की तो घाबरायचं विसरायचा. "काकीच्या हातात शिट्टी दिलीय मी. तिला वाटतं, मलाच सांभाळायचंय."

आणि आळीत हे कोणाला सांगितलं नव्हतं. लोक आपल्याला हसले तर हसू देत, पण बायकोकडे कोणी कीव करून बघायला नको, म्हणून या माणसानं भित्रेपणाचा शिक्का स्वतःवर मारून घेतला होता.  मी नदीकडे बघत बसलो.

त्यानंतर मी रविवारची कुरकूर केली नाही. उलट विमानात सुधारणा सुचवायला लागलो. ढगात विमान हादरतं म्हणे, म्हणून मी आणि रफीकभाई मागून खुर्च्या हलवायचो. दिवे मालवतात म्हणून खिडक्यांवर चादरी टाकायचो. काकी सुरुवातीला दर थोड्या वेळानं उठून अंगणात बघायच्या. हळूहळू उठेनाशा झाल्या. पडदा, गरम नॅपकिन, माझा डब्यातला आवाज, सगळं त्यांच्या अंगवळणी पडलं. कधी विचारायच्या, कुठं चाललोय? काका म्हणायचे, मनूकडं. की काकी खूश. मग मनूला वांग्याची भाजी आवडत नाही, मनू लहानपणी मिठाच्या राशीवरून घसरून पडली होती, असं सांगत बसायच्या. आधी चार वेळा सांगितलेलं असायचं. रेखा चारही वेळा नव्यानं हसायची.

शेवटी खरा दिवस आला. आळी कडुनिंबाखाली जमली. रफीकभाईंनी काकींच्या हातात मोरावळ्याची बाटली दिली आणि काकांच्या कानात सांगितलं, पडद्यापलीकडं काय हाय ते आल्यावर मला सांगायचं. काकांनी सवयीनं सगळ्यांना मोजलं आणि गाडीत बसले. ती रात्र मी आणि रेखा फोन उशाशी घेऊन झोपलो. फोन आला तो दुसऱ्या दिवशी, पोचल्याचा. बाकी हकीकत दोन महिन्यांनी, काका परत आल्यावर पडवीत ऐकली.

विमानात हवाईसुंदरी सूचना सांगायला लागली तेव्हा एकही माणूस लक्ष देत नव्हता. एकटे काका उभे राहून ऐकत होते. झाल्यावर त्यांनी त्या मुलीला शाबासकी दिली आणि विचारलं, सगळं ठीक, पण जमायची जागा कुठली? काकींनी गरम नॅपकिन ओळखीच्या हातानं घेतला, तोंड पुसलं आणि विचारलं, रेखा कुठं दिसत नाय आज. उजाडल्यावर खिडकीतून खाली पांढरे ढग पसरलेले बघून त्या हरखल्या. म्हणाल्या, "अवो, केवढं मीठ पडलंय. भरनार कोन एवढं?"

मग खिडक्या मिटल्या, सगळे खुर्च्यांचे पलंग करून झोपले. काकांचाही डोळा लागला. जाग आली तर काकी पट्टा सोडून मधल्या वाटेत उभ्या, पदर खोचलेला. झालं आता, घरी चला म्हणत होत्या. आमची ड्रिल दुपारच्या झोपेनंतर संपायची ना. झोप झाली, आता पायऱ्या उतरायच्या. त्यांना पायऱ्या सापडत नव्हत्या आणि आवाज चढायला लागला होता. लोक माना वर करून बघत होते. ती मुलगी धावत आली, तिला इंग्रजीत काय सांगायचं ते काकांना सुचेना.

"मग?" रफीकभाईंनी विचारलं.

"मग काय. हात धरले खुर्चीचे, मिटले डोळे. म्हटलं, हिरा, मला भीती वाटते गो."

काकी वळल्या. आवाज खाली आला. खुर्चीच्या कडेला टेकल्या आणि त्यांनी काकांचा हात धरला, तो विमान जमिनीला लागेपर्यंत सोडला नाही. जेवणही एका हातानं जेवल्या. बाहेर आल्यावर मनू उभी होती, कडेवर पोरगी. काका सांगत होते, त्या क्षणी त्यांच्या मनात एकच आलं. एवढं आणलं खरं, पण ओळखलं नाही तर? काकींनी मनूकडे नीट बघितलं आणि म्हणाल्या, "किती वाळलीस गो मनू. खातेस काय?"

एवढं सांगून काका थांबले.  मग रफीकभाईंनी पडद्यापलीकडचं विचारलं. काका म्हणाले, काय नाय रे, आपल्यासारखंच हाय, फक्त पापड देत नाहीत.

गोष्ट इथे संपायला हवी होती. पण परत आल्यावर पहिल्या रविवारी काकी आंघोळ करून, नवी साडी नेसून पडवीत येऊन बसल्या. खुर्च्या आता सलूनवाल्याला परत द्याव्या म्हणून काकांनी त्या कोपऱ्यात सरकवल्या होत्या. काकी म्हणाल्या, "पडदा कुठाय? मनूकडं जायचंय ना?"

शिकागो त्यांच्या मनातून पुसलं गेलं होतं. नातीला मांडीवर घेतलेलं, मनूच्या घरी केलेल्या भाकऱ्या, काहीच नाही. फोटो दाखवले तर म्हणाल्या, कोणाची बाई आहे, चांगली आहे. राहिलं होतं ते पडवीतलं विमान. त्यात बसलं की मात्र त्यांना मनूचं नाव येतं, वांग्याची भाजी येते, मिठाची रास येते. काकांनी मुकाट्यानं खुर्च्या जागेवर आणल्या आणि मला हाक मारली. तेव्हापासून विमान एकही रविवार चुकलेलं नाही. मी एकदा म्हटलं, काका, ही आता कसली ड्रिल, जाऊन तर आलात. ते म्हणाले, "पोचलो की ती इसरते, मास्तर. वाटेवर असंल तोवर मनू तिची हाय. मग राहू दे की वाटेवर."

गेल्या रविवारची गोष्ट. मी खिडकीमागे डबा घेऊन उभा होतो. रेखानं नॅपकिन दिले. काकींनी पट्टा बांधून घेतला आणि शेजारी बघितलं. बराच वेळ बघत राहिल्या. मग परक्या माणसाशी बोलावं तसं अदबीनं विचारलं, "तुम्ही कुठं चाललात?"

काकांचा चेहरा मला खिडकीतून स्पष्ट दिसत होता. त्यांनी खुर्चीचे हात धरले. मग म्हणाले, "शिकागोला. लेकीकडं."

"मी पन लेकीकडंच," काकी म्हणाल्या. "माझी मनू येनार हाय न्यायला." मग त्यांची नजर काकांच्या हातांकडे गेली. ते खुर्चीच्या हातांवर घट्ट आवळलेले होते. "भीती वाटते?"

इतके दिवस या प्रश्नाला काका डोळे मिटून, ओठ थरथरवून, नाटकातल्यासारखं "लय" म्हणायचे. त्या दिवशी त्यांनी डोळे मिटले नाहीत. काकींकडे बघत होते.

"व्हय," म्हणाले. "आता वाटते."

काकींनी त्यांचा हात हातात घेतला, दुसऱ्या हातानं वरून थोपटला. "भिऊ नका," म्हणाल्या. "मी हाय ना."

समोर रफीकभाई बटणावर बोट ठेवून माझ्या आवाजाची वाट बघत होते. मी डब्यात तोंड घालून नुसता उभा होतो. रेखानं मागून मला कोपरानं ढोसलं. मग मी कसंबसं म्हटलं, प्रवाशांनी पट्टे बांधून घ्यावेत, विमान शिकागोला निघत आहे. रफीकभाईंनी तांदूळ ओतले आणि गिरणी सुरू केली.